वाकलीच हायस तर

नवऱ्याने माझं पोट मुठीत धरलं आणि सगळ्यांसमोर गदागदा हलवलं.

"ह्ये फ्लेक्सवर मावंल का रं?" त्याने फोटोवाल्याला विचारलं.

अंगण माणसांनी भरलेलं. सगळी हसली. नवऱ्याचा वाढदिवस महिन्यावर आला होता, त्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं आणि चौकात आम्हा जोडप्याचा मोठा फ्लेक्स लागायचा होता. माझ्या मुली दारात उभ्या होत्या. सगळे हसतात म्हणून त्याही हसल्या.

त्या जुळ्या. दोघी एकदम आत वाढल्या, तेव्हा पोट जे सुटलं ते पुन्हा बसलंच नाही. सासू सांगत फिरायची, "हिच्या आयनं बाळंतपणात पोटच बांधलं न्हाई. मेंढरांमागं हिंडणारी बाई, तिला काय कळतंय!" खोटं. आईने बांधलं होतं. जुन्या लुगड्याचा पट्टा करून, रोज शेक झाला की गुडघा टेकवून ती तो आवळायची. मी म्हसवडकडची, कोरड्या मुलखातली. हे फलटणकडचे उसाचे बागायतदार. मी गोरी दिसले म्हणून त्यांनी मला करून घेतली, आणि ते उपकार रोज ऐकवायचे.

माणसं गेल्यावर नवऱ्याने त्याच पोटावर लाथ घातली. दुसऱ्या आठवड्यात ते सपाट करून घ्यायला साताऱ्याला नेलं.

डॉक्टरीणबाई नीट बोलणारी होती. "हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही," ती म्हणाली. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चिरणार. फाकलेले स्नायू जवळ ओढून शिवणार. जादा कातडी कापणार, बेंबीला नवी जागा करणार. आतलं रक्त-पाणी काढायला नळ्या राहतील. आठ-दहा दिवस सरळ उभं राहता येणार नाही, वाकूनच चालायचं. दीड महिना पट्टा. जड उचलायचं नाही. सूज उतरायला महिने जातात. व्रण मात्र जन्माचा.

"तुम्हाला स्वतःला करायचंय का?" तिने मला विचारलं.

"व्हय, तिलाच लय हौस हाय," नवरा म्हणाला. टेबलाखाली त्याने माझ्या मांडीला चिमटा धरला होता. तिने पुन्हा मलाच विचारलं. मी मान डोलावली. मला लाथ आठवत होती.

सगळं ती म्हणाली तसंच झालं. शुद्धीवर आले तेव्हा कुणी पोटावर तापलेली विळी आडवी ठेवलीय असं वाटलं. खोकला आला की जीव जायचा. दोन्ही अंगांना नळ्या, टोकाला रबरी डब्या, त्यांत लाल पाणी. कंबरेत वाकून भिंत धरत संडासापर्यंत जायचे. पण खरं सांगते, पट्ट्यावरून हात फिरवला तर पोट सपाट लागलं, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची नंतर मला चीड आली.

घरी आणलं तेव्हा नळ्या तशाच होत्या. ओसरीवर भावकी बसलेली. बाहेरून आलेल्या सुनेने थोरल्यांच्या पायांवर डोकं टेकवायचं, ही त्या घरची रीत. सासूने माझी चाल पाहिली.

"वाकलीच हायस, तर समद्यांच्या पाया पडून घे."

कुणी हसलं नाही. म्हणजे ही थट्टा नव्हती.

"आत्याबाई, टाकं हायती. डॉक्टरीणबाई ह्याच्या खाली वाकू नगं म्हणाल्यात."

"चार माणसांत माज्या आय-बापाची अब्रू घालवतीस व्हय?" नवऱ्याने माझी मानगूट धरली आणि खाली दाबली. सासऱ्याच्या पायांपर्यंत. आत काहीतरी टर्रकन फाटलं. पट्टा ओला झाला. गरम रक्त मांडीवरून उतरलं आणि फरशीवर पडलं. सासऱ्याने पाय मागे घेतला.

"आरं, धोतर खराब हुईल माजं."

धोतर.

मी मान वळवली आणि नवऱ्याच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागेपर्यंत. तो किंचाळला. कानावर बुक्की बसली, तरी सोडलं नाही. तोंडात त्याचं रक्त आलं तेव्हा सोडलं आणि उभी राहिले. सरळ. कातडी तडतड ताणली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्या घरात मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आम्हाला आणणारी भाड्याची गाडी अजून दारात होती. मुलींना ओढून मी आत बसले. "परत साताऱ्याला," म्हणाले. ड्रायव्हरने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

टाके पुन्हा घातले. डॉक्टरीणबाईने पोलिसांना कळवलं. मी जबाब दिला, लाथेसकट.

आता म्हसवडला आहे. आई रोज सकाळी पट्टा बांधते, गुडघा न टेकवता. परवा सासरची भावकी येऊन गेली. "पोरी, येकडाव पाया पड, चुकलं म्हन, मिटवून टाकू."

"न्हाई पडनार," मी म्हणाले. आईने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

व्रण वेडावाकडा झालाय, तो तसाच राहणार. मी लपवणार नाही. केस उभी राहील तेव्हा त्या ओसरीवरच्या एकेकाचं नाव घेणार. आधी नवऱ्याचं, मग सासूचं, मग त्या धोतराचं. माझ्या मुलींना आजच सांगून ठेवलंय, कुणाच्या पाया पडायचं नाही. माझ्यासुद्धा.