बदकाच्या आकाराची धूळ

को बाई आणि आ-फू पहिल्यांदा भेटले तेव्हा आ-फूचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा आ-फू बाईंच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीखाली होता. तैपेईबाहेरच्या स्टुडिओत मालिका काढणाऱ्या या बाईंनी आजवर शे-दोनशे माणसं पडद्यावर मारली होती, पण स्वतःच्या गाडीखाली मेलेला माणूस हा पहिलाच. त्यांनी अशी किंकाळी फोडली की तिन्ही मजल्यांवरचे नट खिडक्यांत आले, रखवालदाराचा जेवणाचा डबा सांडला आणि शेजारच्या देवळातल्या पुजाऱ्यानं म्हणे वेळ नसताना घंटा वाजवली. मग पाय हलले. आ-फू सरपटत बाहेर आला आणि कपाळावरचं ऑइल पुसून अदबीनं म्हणाला, "बाई, तुमची गाडी कड्यावरून फार सुंदर पडेल."

बाईंना असाच माणूस हवा होता. मालिका रोज आठला लागायची आणि कथा त्याच दिवशी सकाळी लिहून यायची. एखाद्या नटानं पगारवाढ मागितली की संध्याकाळच्या आत त्याच्या पात्राला गाडीसकट दरीत जावं लागे. खरी गाडी पाडणं परवडत नव्हतं. आ-फू गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर तशीच गाडी उभी करायचा आणि ढकलून द्यायचा.

को बाईंनी स्वतःची गाडी फोटोंपुरतीही अर्थातच दिली नाही. मग आ-फू चांगहुआकडच्या आपल्या गावी गेला आणि बापाच्या निळ्या ट्रकचे फोटो घेऊन आला. बाप, म्हातारा आ-त्वान, त्या ट्रकमधून पेरू विकायचा. पुढच्या सहा वर्षांत तो ट्रक कधी लाल, कधी पांढरा होऊन अकरा वेळा मेला.

दर वेळी म्हातारा मानपान वसूल करायचा. मालिकेत ज्या नटाचा फोटो मेलेला म्हणून हार घालून ठेवतात, त्याला अपशकुन उतरवायला पैशांचं लाल पाकीट द्यावं लागतं. "मग माझ्या ट्रकला का नाही?" म्हातारा विचारायचा. आ-फू लाल पाकीट आणायचा, वर अपशकुनावरचा उतारा म्हणून डुकराच्या पायाच्या शेवया आणायचा. पाकीट ट्रकच्या आरशाला टांगलं जायचं, शेवया म्हातारा खायचा.

"काय रे आ-फू," तो शेवया ओढत म्हणायचा, "मयताला वर वापरायला कागदाची गाडी जाळतात ना, तिला सुद्धा तुझ्या गाडीपेक्षा जास्त वजन असतं."

"बाबा, पडण्याआधी गाडी स्प्रिंगवर दबून बसली पाहिजे, ते मला कळतं हो. पण हातात चार तास असतात."

"आणि ते बदक?"

बदक म्हणजे धूळ. आ-फूकडे धुळीचं एकच तयार चित्रण होतं. ती धूळ उठली की बसलेल्या बदकासारखी दिसायची, आणि अकराही अपघातांत तीच उठली होती. अख्ख्या तालुक्यातली पोरं गाडी आपटली की टीव्हीसमोर "क्वॅक!" ओरडायची. आ-फू गावी आला की न्हावीसुद्धा कात्री थांबवून क्वॅक करायचा. आ-फू हसायचा. पण एकदा, फक्त एकदा, कुणीतरी आपला अपघात पाहून श्वास रोखावा, एवढंच त्याला हवं होतं.

बारावा अपघात खरा झाला. कालव्याजवळच्या चौकात देवळाच्या समितीवरचे याओ साहेब आपली काळी गाडी लाल सिग्नल तोडून घेऊन आले. म्हाताऱ्यानं ट्रक वळवला, चाक कठड्यावर चढलं, ट्रक उडाला, हवेत एक पूर्ण गिरकी घेतली आणि पाण्यानं भरलेल्या भातखाचरात चारही चाकांवर उतरला. म्हाताऱ्याचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. याओ साहेब म्हणाले, सिग्नल म्हाताऱ्यानंच तोडला. म्हाताऱ्याचं वय शहात्तर. दोष त्याच्यावर आला तर परवाना जाणार, आणि परवाना गेला की पेरूचा धंदा संपला.

पण चौकातल्या शेवयांच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. दुकानदारानं ते आ-फूच्या हाती दिलं. दुकानातलं चित्रण दर आठवड्याला आपोआप पुसलं जायचं, त्यामुळे आता ते फक्त आ-फूजवळच होतं.

आ-फूनं ते पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं. ते खोटं दिसत होतं! ट्रक पिसासारखा उडत होता. स्प्रिंगा दबल्याच नव्हत्या. हे बघून लोक हसणार, आणि बाबांचा परवाना जाणार. त्यानं त्याच एकुलत्या प्रतीत उडण्याआधी ट्रकला जरासं खाली बसवलं. याओ साहेबांच्या बाजूचा फिकट दिसणारा लाल सिग्नल थोडा आणखी लाल केला. आणि शेवटी ट्रक खाचरात उतरल्यावर, सहा वर्षांच्या सवयीनं, त्याचा हात आपसूक धुळीकडे गेला.

तडजोडीची बैठक गावच्या कचेरीत झाली. चहा आला. तडजोड समितीचे प्रमुख फांग गुरुजी चष्मा पुसून बसले. चित्रण लागलं. ट्रक जड होऊन बसला, उठला, फिरला. फांग गुरुजींनी खरोखरच श्वास रोखला, आणि आ-फूनं ते पाहिलं.

मग बदक उठलं.

"क्वॅक," दाराशी उभा असलेला कारकून पुटपुटला.

याओ साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "गुडघाभर पाण्यात धूळ? वा!"

"आ-फू," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "हे तू बनवलंस?"

"नाही हो गुरुजी! फक्त धूळ माझी आहे."

"फक्त धूळ?"

आ-फूनं बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. "आणि स्प्रिंग," आ-फू म्हणाला. "आणि थोडासा लाल. पण बाकीचं खरं आहे! ती गिरकी खरी आहे!"

"गिरकीच तर सगळ्यात खोटी वाटते," याओ साहेब म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले. गुरुजीसुद्धा.

म्हातारा आ-त्वान हसला नाही. डाव्या हातानं सही जमत नव्हती, म्हणून त्यानं दोष कबूल केल्याच्या कागदावर अंगठा उठवला आणि उठून याओ साहेबांना वाकून नमस्कार केला. परतताना बसमध्ये तो एवढंच बोलला, "छान बसवला होतास रे ट्रक. अगदी तस्साच बसतो तो."

परवाना गेला. ट्रक भंगारवाल्यानं नेला, आरशाला टांगलेली अकरा पाकिटं तशीच लटकत ठेवून. पेरूची बाग शेजाऱ्यानं कसायला घेतली. मालिका मार्चमध्ये बंद पडली आणि आ-फू आता इमारतींच्या जाहिरातींत कॉम्प्युटरवर झाडं लावतो.