वरातीच्या गाडीतून श्रीशैल

देवावर माझा विश्वास होता, पण तो कागदपत्रांवर असावा तसा. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढली. एक सही राहिली तरी अर्ज परत पाठवणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. देवापुढेही मी तशीच उभी राहायची. उपास पूर्ण, सोमवार पूर्ण, आता तुमच्याकडून काय ते बघा. असल्या बाईला श्रीशैलच्या मल्लय्यानं कसं हाताळलं ते सांगायचं आहे. मी चमत्कार वगैरे म्हणणार नाही. घडलं तसं सांगते, मग ज्यानं त्यानं ठरवावं.

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून त्यांनी उभी नोकरी केली. अंधार, बोगदे, आडरान, कशाचीच भीती माहीत नव्हती. निवृत्तीनंतर पाठीच्या दुखण्यासाठी त्यांना तपासणीच्या त्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये झोपवलं. आत जाताच ते ओरडले आणि तिथल्या माणसांनी लगेच बाहेर काढलं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण ते एक मिनिट आमच्या घरात तीन वर्षं राहिलं. आधी लिफ्ट सुटली, मग एसटी, मग रेल्वे. ज्या माणसानं जन्म गाडीत काढला त्याला डब्याचं दार बघून घाम फुटायचा. न्हाणीघराची कडी लावणं बंद झालं. औषधं चालू होती, डॉक्टरांनी शिकवलेले श्वासाचे व्यायामही होते. थोडा उतार पडायचा, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी त्यांनी खाट अंगणात टाकली आणि थंडीतही आत येईनात. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. माणूस माझ्या डोळ्यांसमोर विरत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

मल्लय्या आमचं कुलदैवत. सोलापूरकराला श्रीशैल परकं नाही. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरसुद्धा लहानपणी मल्लय्याच्या ओढीनं तिकडे गेले, असं आम्ही ऐकत आलो. हे लग्नाआधीपासून दरवर्षी जायचे. एका सकाळी खाटेवर बसून ते शांतपणे म्हणाले, "श्रीशैल आता या जन्मी नाही." त्यात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही. मी आत जाऊन देव्हाऱ्यासमोर चक्क भांडले. म्हटलं, एवढी वर्षं हा माणूस तुझ्या दारात आला, आता त्याला बोलवायचं तर काही सोय कर, नाहीतर मी करते. खरं सांगायचं तर "मी करते" यावरच माझा जास्त भरवसा होता.

सोय दिसली ती एका वरातीत. गल्लीतून नवरदेवाची उघडी गाडी चालली होती, टप मागे पाडलेली, झेंडूच्या माळांनी मढवलेली. हे फाटकाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "त्याला काय घाबरायचं? डोक्यावर आख्खं आभाळ आहे." तीन वर्षांत त्यांनी हेवा करावा असं काही पहिल्यांदाच दिसलं होतं. मी चपला घातल्या आणि गाडीच्या मागोमाग निघाले.

गाडीवाले नरसय्या भवानी पेठेत राहतात. पन्नाशीचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्यांनी विचारलं, "लगीन कुणाचं हाय, बाई?"

"कुणाचंच नाही. श्रीशैलला जायचंय."

त्यांनी माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. "ही गाडी विजापूर वेशीच्या फुडं कधी गेली न्हाय. तिला बँडच्या मागनं चालायची सवय हाय. तुमाला साधी गाडी देतो की, एसीवाली, झ्याक."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते बराच वेळ गाडीचा आरसा पुसत राहिले. म्हणाले, "मल्लन्नाकडं जायचं तर न्हाई कसं म्हनू? पर मीच चालवनार. दुसऱ्याच्या हातात दिली तर मला झोप न्हाई यायची." भाडं तिथंच ठरलं, दिवसही ठरला.

माझी तयारी म्हणजे काय विचारता! टोप्या, मफलर, छत्र्या, डोळ्यांना चष्मे, घाबरल्यावर द्यायच्या गोळ्या. वाटेत मुक्काम कुठं, तर जिथं मोकळी ओसरी किंवा गच्ची मिळेल तिथंच. फोन करकरून मी सगळं पक्कं केलं होतं. माघ लागला होता, पावसाचा प्रश्न नव्हता. निघायच्या दिवशी नरसय्यांनी नारळ फोडला आणि पुढच्या बाजूला झेंडूची माळ बांधली. माळेशिवाय गाडी पेठेबाहेर काढायची नाही, असा त्यांचा रिवाज. मी नको म्हणत होते, पण हे चढून मागच्या सीटवर बसले होते आणि मला तेवढ्यात निघायचं होतं. त्यांनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती, बोटं पांढरी पडली होती.

माळेनं गंमत केली. गाडी नरसय्यांच्या सवयीनं सावकाश चालली होती आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वाकून नवरदेव शोधत होता. सापडायची आम्ही दोन म्हातारी, कानाला मफलर बांधलेली. नळदुर्गच्या पुढे ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवरच्या बायकांनी तर ओरडून विचारलं, "आजोबा, आत्ता लगीन केलं व्हय?" हे हसले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ते हसले आणि त्यांनी सीट धरलेला एक हात सोडून त्या बायकांना नमस्कार केला. उमरगा गेलं, जहीराबाद आलं. तिथं एका ओसरीवर मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे. हैदराबादला बाहेरून वळसा घालून दुपारी आम्ही नल्लमलाच्या जंगलात शिरलो.

त्या जंगलाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. मी यांच्याबरोबर सहा वेळा गेले होते, पण एसटीच्या खिडकीतून. खिडकीतून जंगल बाजूला दिसतं. इथं ते डोक्यावर होतं. फांद्या दोन्हीकडून येऊन वर भेटत होत्या, त्यांच्या मधून आभाळ आमच्याबरोबर चालत होतं. नरसय्यांनी गाडी आणखी सावकाश केली. यांनी मान मागे टाकली ती टाकलीच. घाट उतरून कृष्णा आली. खोल दरीत नदी, समोर धरणाची ती अफाट भिंत आणि वर पुन्हा डोंगर. यांनी टोपी काढून हात जोडले. मला वाटलं, जिंकले मी. आणलं की नाही!

मंदिराच्या महाद्वारासमोर उभं राहिल्यावर मात्र पायाखालची जमीन सरकली. समोर दर्शनाच्या रांगा होत्या. लोखंडी जाळीचे लांबच लांब पिंजरे, मधे दारं, एक टप्पा भरला की दार लागणार, पुढचं उघडेपर्यंत आत उभं राहायचं. आणि त्या सगळ्याच्या शेवटी गाभारा. दगडी, ठेंगणा, अंधारा, माणसांनी खच्चून भरलेला. मी पाचशे किलोमीटर टप उघडा ठेवायची व्यवस्था केली होती आणि ज्याला भेटायचं तोच सगळ्यात कोंदट खोलीत बसलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सहा वेळा त्या गाभाऱ्यात डोकं टेकवलेली बाई मी! इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

यांना सगळं कळून चुकलं होतं. पायरीवर बसत म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथूनच नमस्कार करतो. इथवर आलो हेच पुष्कळ." मी चपला आणि मोबाईल ठेवायला नरसय्यांबरोबर बाजूच्या खिडकीवर गेले आणि तिथल्या रांगेत उभी राहून मनातल्या मनात देवाला वाट्टेल ते बोलले. एवढ्या लांब आणून दारातून परत पाठवतोस? मग कशाला बोलावलंस?

परत आले तर पायरी रिकामी. हाका मारल्या. फुलं विकणारी बाई तेलुगूत काही सांगू लागली, जाळीकडे बोट दाखवू लागली. नरसय्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एका म्हातारीनं त्यांचा हात धरला म्हने. दोघं मिळून रांगेत आत गेले." मी धावले. त्या टप्प्याचं दार लागलं होतं. मधे चार पिंजऱ्यांची गर्दी, हे कुठंच दिसेनात. शिपाई मला पुढे जाऊ देईना. त्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. आत जीव घाबरला, तोल गेला, गर्दीत पडले, तर? मी जाळीला धरून उभी राहिले आणि मला हुंदका आला.

नरसय्या माझ्या शेजारी आले. म्हणाले, "बाई, आता तुमच्या हातात काय हाय? बसा की जरा."

आणि मी बसले. मला कुणी असं कधी बसवलं नव्हतं. खरोखरच माझ्या हातात काही नव्हतं. ना फोन, ना यादी, ना यांचा हात. नामस्मरणसुद्धा सुचेना. एवढंच म्हटलं, तुझाच आहे, तूच बघ. हे मी याआधी शेकडो वेळा म्हटलं असेल, पण दर वेळी एक डोळा उघडा ठेवून. त्या दिवशी दोन्ही मिटले. रडू थांबलं. किती वेळ गेला माहीत नाही. उन्हं कलली होती एवढं आठवतं.

"अगं," असा आवाज आला तेव्हा हे बाहेरच्या वाटेनं येऊन समोर उभे होते. कपाळावर विभूती, सदरा घामानं भिजलेला. त्यांच्या मनगटाला एक ठेंगणी म्हातारी घट्ट चिकटलेली, अंगावर विटलेलं इरकल, डोळ्यांत मोतीबिंदू. विजापूरकडच्या एका खेड्यातून आलेली, गावकऱ्यांपासून चुकलेली. दिसत नव्हतं, गर्दीला भीत होती. पायरीवर बसलेल्या यांचा हात तिला लागला आणि तिनं तो धरला.

यांनी नंतर सांगितलं ते असं. ती कानडीत म्हणाली, "नन्न कै बिडब्याड," माझा हात सोडू नको. यांचं आजोळ होटगीचं, कानडी येतं. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, पण ती रडायला लागली. दोन पावलं पोचवून परत येऊ म्हणून ते आत गेले आणि मागे दार लागलं. "माझ्या छातीत सुरू झालंच होतं," हे म्हणाले. "पण ती माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. मी म्हटलं, अंजब्याड अव्वा, ना इद्दीनि. भिऊ नको, मी आहे. दर दाराला तेच म्हणत गेलो. पाचसहा वेळा म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं, बोलतोय मी, पण ऐकणाराही मीच आहे. ते मला कुणीतरी सांगत होतं गं." मग गाभारा. दोघांनी एकदमच लिंगावर कपाळ टेकवलं. गार दगड, चहूकडून माणसं, अंधार. "आणि मला वाटलं, इथं किती जागा आहे!" हे म्हणाले.

ऐकणारे मला नेहमी विचारतात, ती म्हातारी मग गायब झाली का? नाही हो. तिनं आमच्याजवळ बसून माझ्या दोन कडक भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणीला तिखट कमी आहे म्हणून सुनावलं, आणि शोधत आलेल्या पुतण्यानं दम भरला तर त्यालाच उलट झापलं. निघताना यांच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं कडाकडा मोडली. देवी नव्हती, चांगली हाडामांसाची बाई होती. पण एवढ्या हजारो माणसांतून तिचा चाचपडणारा हात नेमका याच मनगटावर पडला आणि तोही मी तिथं नसताना. मी असते तर तिला सोडवून दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं असतं.

परतीला जहीराबादच्या अलीकडे ऊन डोक्यावर आलं. छत्री वाऱ्यानं टिकेना, मी पदर घेऊन बसले होते. हे एकदम म्हणाले, "नरसय्या, टप लावा. हिला ऊन लागतंय."

नरसय्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. "लावा हो," हे पुन्हा म्हणाले. गाडी थांबली, टप वर आला, कड्या लागल्या. मी घाईनं यांचं मनगट धरलं, नाडी बघायला. त्यांनी माझा हात काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "घाबरू नकोस. मी आहे." आजार सगळा गेला असं मी म्हणत नाही. औषध अजून चालू आहे, दार अजून किलकिलं लागतं. पण खाट आता घरात आहे. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यावर सावली आली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. सोलापूर आल्यावर यांनीच उठवलं. मल्लय्या, मी यांच्यासाठी भांडत आले होते. माझ्यासाठी काही मागितलंच नव्हतं रे, ते तू कसं ओळखलंस?