नाल्यातली आंघोळ

आमच्या गावात येशूचं नाव घेणारी दोनच घरं होती, माझं आणि माझ्या सोबत्याचं. लहानपणी आम्ही दोघांनी शेताच्या बांधावर, एकाच धुऱ्यावर गुरं राखली आणि बाप्तिस्माही एकाच दिवशी घेतला. पांढरकवड्याहून पाळक आले, गावाखालच्या नाल्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. आधी मला बुडवलं, मग त्याला. वर आल्यावर तो थरथरत म्हणाला, "गड्या, आता मराले भेव नाई."

माझी शाळा तिसरीतच सुटली होती. पण पवित्र शास्त्र वाचायचं म्हणून मी मोठेपणी बोट ठेवून ठेवून वाचायला शिकलो. रविवारी त्याच्या ओसरीत मी वाचायचो, तो ऐकायचा.

त्या वर्षांत कापसाचं कोणाचंच खरं नव्हतं. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं आणि ते चांगल्यासाठी नसायचं. माणसं भ्यालेली होती. भ्यालेला माणूस एकही देव नाराज करत नाही.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावरात दहीभात ठेवतात, कापसाला हळदकुंकू वाहतात, मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. बाप्तिस्म्यानंतर ती आमची पहिलीच वेचणी. माझ्या वावरात हे होणार नाही, असं मी सांगून टाकलं. बायांची म्होरकी म्हातारी होती. ती म्हणाली, "दादा, तुमच्या देवाशी आमचं भांडन नाई. पन सीतामायले उपाशी ठेवून आमी बोंडाले हात लावत नाई."

सोबती आधी मलाच समजावू लागला. "अबे, दहीभातानं येशू रुसते काय?"

"तो नसन रुसत. मी रुसतो."

तो हसला. रविवारी प्रार्थना झाल्यावर त्यानं शास्त्रावर हात ठेवला. "मीबी करत नाई मंग. दोन वावरं लागून हायेत. दोघंबी अडलो तं बाया जातीन कुठी?"

मी त्या हातावर विसंबलो.

सोमवारी सकाळी वावरात गेलो तर धुऱ्यापलीकडं त्याची बायको दहीभात मांडत होती आणि तो डोक्याला रुमाल बांधून नारळ फोडत होता. साऱ्या बाया तिथं. मी धुऱ्यावरूनच ओरडलो, "काहून रे? बाप्तिस्मा विसरला काय?"

तो वळला. बाया बघून राहिल्या होत्या. म्हणाला, "कोनता बाप्तिस्मा? नाल्यात आंघोळ केलती मी. गरमी होती."

बाया खदाखदा हसल्या. तोही हसला. आदल्या वर्षी अळीनं पीक खाल्लं तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी कापसाच्या झाडांत, पऱ्हाटीच्या ओळीत खाली बसलो.

मग आम्ही दोघं नवराबायकोच वेचत राहिलो. आभाळ भरून येत होतं. बायको मध्येच कंबर सरळ करून म्हणाली, "अवो, तुमच्या आंगात येशू हाय का नुसता अडेलपना?" मी पुढच्या झाडाकडं सरकलो. निम्मं वावर व्हायच्या आत पाणी आलं. झाडावरचा कापूस भिजून लोंबला, पिवळा पडला.

मी शास्त्र फडताळात टाकलं. सोबत म्हणून देवानं दिला तो असला माणूस! असल्या देवाशी काय बोलायचं? दोन रविवार फडताळाकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या रविवारी पुस्तक काढलं ते भांडायलाच. स्तोत्रं उघडली, बोट ठेवलं आणि अडकलो. तिथं एक माणूस देवाकडं गाऱ्हाणं करत होता. वैऱ्यानं हिणवलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवाचा, याच्यासंगं मी देवाच्या घरी जात होतो. मी ते मोठ्यानं परत वाचलं.

चुलीपाशी बायकोचा हात थांबला. "हे तुमीच लेह्यलं काय?"

"नाई. लय जुनं हाय."

त्या माणसानं पुढं शिव्याशापही दिले होते आणि देवानं त्याला हाकललं नव्हतं. उलट त्याचं सारं बोलणं आपल्या पुस्तकात ठेवून घेतलं. शेवटी तो म्हणतो, आपला भार परमेश्वरावर टाक. मला वाटलं, माझ्या रागालाही देवाच्या घरात बसायला जागा आहे. त्या दिवसापासून पुस्तक पुन्हा फडताळात गेलं नाही.

दुसऱ्या वेचणीला म्हातारी बाया घेऊन आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सीतामायच्या नावाचा दहीभात आमी वाटेतच खाऊन आलो. तुमच्या वावरात काई सांडलं नाई."

"मंग वेचा," मी म्हणालो.

सोबती आता म्हातारा झाला आहे. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो, कारण तशी आज्ञा आहे. बोलत नाही, कारण तो नाल्याबद्दल अजून काही बोललेला नाही. आमच्या घरांची मधली भिंत एकच आहे, मातीची. रविवारी मी वाचायला बसतो तेव्हा आवाज मुद्दाम मोठा ठेवतो. पलीकडं त्याचा खोकला चाललेला असतो. वाचन सुरू झालं की तो खोकला दाबून धरतो.