वाफा भरेपर्यंत

खात्याच्या परीक्षेचा अभ्यास शांतपणे व्हावा म्हणून मी राजुरीला मेव्हण्याच्या शेतावर गेलो. सकाळपासून खाटेवरून मी हललो नाही आणि पुस्तकाचं पानही हललं नाही.

बांधापलीकडे शेजाऱ्यांची सून कांद्याला पाणी देत होती. वाफा भरेपर्यंत ती पोलीसभरतीचं पुस्तक वाचायची. भरला की पुस्तक पालथं घालून फावड्यानं पाणी पुढच्या वाफ्यात वळवायची, ओल्या मातीत जरा रेंगाळायची आणि पुन्हा वाचायला बसायची. मेव्हणा सांगत होता, वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटचीच परीक्षा.

मला दया आली. "द्या ते फावडं. पाणी मी बघतो, तुम्ही वाचा."

"नगं भाऊ, तेवढीच माझी सुट्टी हाय. आन् तुमी सकाळधरनं एकच पान उबवताय, पिल्लू निघणार हाय का त्यातनं?"

मी तावातावानं उठलो, तर दोन्ही पायांना मुंग्या. तोवर ती वाचायला बसलीसुद्धा.