वाटणीत आलेलं लायसन

ट्रक, डाळमिलची यंत्रं, वजनकाटे, गोडाऊनच्या चाव्या असं सगळं वाटून झाल्यावर शेवटी मला बोलावलं. कंप्युटरची वाटणी राहिली होती.

मालक दोघे भाऊ. लातूरचं ऑफिस थोरल्यांना गेलं, नांदेडचं धाकट्यांना. मी दोन्हीकडचे कंप्युटर बघणारा एकच माणूस असल्यानं माझीही वाटणी झाली: तीन दिवस लातूर, तीन दिवस नांदेड, रविवारी मी माझा. मला कुणी विचारलं नाही. बैलाचे तरी दात बघतात, माझे तेही नाहीत.

आमच्याकडे वाटे थोरल्यानं करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी रीत आहे. म्हणजे कुणी लबाडी करत नाही. मध्यस्थ म्हणून बिलोलीहून त्यांचे मामा आले होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर भस्म, आणि डोळ्यांनी दिसत नाही त्या वस्तूवर काडीचा विश्वास नाही. मी त्यांना समजावलं की टेबलावरचे कंप्युटर नुसते दरवाजे आहेत. खरं काम लातूरच्या एका मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर चालतं. दुरून त्यात शिरायला प्रत्येक कंप्युटरला लायसन लागतं. अशा चाळीस लायसनांचा एक कागद आहे.

"ह्यात जास्त मोलाचं काय?" मामांनी विचारलं. "मशीन का कागद?"

"दोन्ही सारखंच," मी म्हणालो. "एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही."

माझ्या आयुष्यात इतकं खरं आणि इतकं महागात पडलेलं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. दोन्ही सारखं म्हणजे बरोबरीचं. मग एका वाट्यात मशीन, एका वाट्यात कागद. मी अहो अहो करेपर्यंत मामांनी सुपारी फोडली होती. धाकट्यांनी लोखंड दिसतं तो वाटा उचलला आणि त्याच संध्याकाळी सर्व्हरला हार घालून, वाकळीत गुंडाळून, टेम्पोतून नांदेडला नेला. थोरल्यांनी कागदाला काचेची फ्रेम केली आणि खुर्चीमागं टांगला. दोघांनी आपापल्या नावाच्या नव्या पाट्या लावल्या. वडिलांचं नाव आणि पुढं 'ॲन्ड सन्स' असलेली जुनी पाटी लातूरच्या गोडाऊनमध्ये उपडी पडली. तिच्यावर तुरीची पोती रचली.

मग मला नांदेडसाठी वेगळं डोमेन करावं लागलं. डोमेन म्हणजे कंप्युटरांची शिधापत्रिका समजा: घरात कोण आहे, कुणाला आत येऊ द्यायचं, ते त्यात असतं. घर वेगळं झालं की शिधापत्रिका वेगळी. ते करताना मशीन पुसून पहिल्यापासून उभं केलं, त्यात जुनी लायसनं गेली. ती पुन्हा चढवायला फ्रेममधल्या कागदावरचे आकडे हवेत. लायसनाशिवाय असं मशीन एकशेवीस दिवस सवलतीवर चालतं. एकशेएकविसाव्या दिवशी ते सगळ्यांना दाराबाहेर काढतं.

"त्या दिवशी तू बी भाईर," धाकटे शांतपणे म्हणाले. "हंगामाच्या तोंडावर वीस माणसं बसून ठिवायची तर तुला कशाला ठिवू?" थोरल्यांचंही तेच. तिकडे मशीनच नव्हतं. सगळे एका सुट्या कंप्युटरपुढं डबा घेऊन नंबर लावायचे.

नोकरी दोन्ही बाजूंनी जायची ती माझीच. घरी आई आणि दोन पोरी. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो.

नवीन लायसनं घ्यायची सोडून हा खेळ कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. धाकट्यांना विचारलं, तर म्हणाले, "वाट्याचं घर सोडून मी भाड्यानं राहू? गाव हसंल." थोरल्यांना म्हणालो, नुसते आकडे द्या. "त्याला म्हणावं, येऊन माग. मी न्हाई म्हणणार न्हाई." धाकटे काही मागायला जाणार नव्हते. मी फ्रेमचा फोटो काढायचा प्रयत्न केला, तर काचेत माझंच तोंड आलं आणि मागून थोरले आले.

सवलतीचे वीस दिवस उरले तेव्हा मी बिलोलीला जाऊन मामांच्या ओसरीवर बसलो. मामांनी बराच वेळ पान जमवलं.

"विहीर वाटता येत न्हाई," ते म्हणाले. "पाण्याची पाळी लावतो आपण. दुपारपर्यंत लायसन लातूरला, दुपारनंतर नांदेडला."

"तसं होत नाही मामा. एकदा कंप्युटरला लायसन चिकटलं की दोन-तीन महिने सुटत नाही. कधी सुटेल ते त्यालाच ठाऊक."

"मग तीन तीन महिन्यांची पाळी लावा."

मी कपाळाला हात लावला. पण एसटीत कंधारपर्यंत येता येता लक्षात आलं की म्हातारा निम्मा बरोबर होता. पाळी नको, विहीरच सामाईक राहू द्यावी. मशीन नांदेडला, कागद लातूरला, आणि दोघांचीही माणसं त्याच मशीनमध्ये शिरतील. मात्र त्यासाठी लायसनवाल्या कंपनीला फोन करून मशीनवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकाच वेळी सांगायचा होता.

मी हे मामांना फोनवर सांगितलं, तसा त्यांनी दोघांना निरोप धाडला. आपापल्या वस्तूपाशीच बसायचं, कुणी कुणाकडं जायचं नाही. दोन दिवस उरले असताना सकाळी मी नांदेडला सर्व्हरसमोर बसलो, बाजूला धाकटे, आणि फोनवर लातूरहून थोरले. तिसरी एक मुलगी, कंपनीची, हिंदीत बोलणारी.

धाकट्यांनी स्क्रीनवरचे आकडे वाचले. थोरले मला म्हणाले, "त्याला म्हणावं, सावकाश वाच. लहानपणी पाढे बी असाच पळवायचा."

"त्यांना सांग," धाकटे माझ्याकडे बघत म्हणाले, "मला ऐकू येऊन राह्यलं."

मग थोरल्यांनी फ्रेम उतरवून कागद वाचला. काचेवर उजेड पडत होता, दोनदा चुकले. तेव्हा मुलीनं विचारलं, लायसन कुणाच्या नावावर आहे?

मी तोंड उघडलं, पण कुठलं नाव घ्यावं कळेना. थोरल्यांची पाटी वेगळी, धाकट्यांची वेगळी, आणि कागदावर त्यातलं एकही नाही. मी बोलायच्या आत दोन बाजूंनी दोन आवाज आले. वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढं ॲन्ड सन्स. एका दमात, एकाच ठेक्यात, जसं दोघं वर्षानुवर्षं फोन उचलताना म्हणत आले होते.

मुलगी थांबली. "आप दोनों एक ही फर्म से हैं ना?"

सर्व्हरचा पंखा तेवढा फिरत होता. धाकटे जमिनीकडे बघत होते. दोघांपैकी एकानंही 'नाही' म्हटलं असतं तर संपलं होतं.

"हाव," थोरले म्हणाले. मग धाकटेही हळूच म्हणाले, "हाव."

तिनं उलट एक लांबलचक आकडा दिला. तो मशीनमध्ये घातला, हिरवी खूण आली, चाळीस लायसनं उभी राहिली. माझी नोकरी दोन्हीकडे टिकली.

भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण लायसन चढवताना स्क्रीनवरच्या एका चौकटीत फर्मचं नाव लिहावं लागतं, ते मी कागदावरचंच लिहिलं. आता उपडी पाटी आणि थोरल्यांचा कागद सोडला तर ते नाव फक्त त्या एका चौकटीत आहे, आणि ती चौकट मलाच उघडता येते.

महिन्यातून एकदा धाकटे माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहतात. "लायसन चालू हाय का बघ जरा," म्हणतात. ते चालू आहे हे त्यांना माहीत असतं. मी चौकट उघडतो. ते नाव वाचतात आणि आपल्या गोडाऊनकडे जातात.