चौथा बोल्ट

त्या रविवारी अप्पा, माझे वडील, अंगणात गाडीच्या चाकांची अदलाबदल करत होते. पुढच्या चाकाचे तीन बोल्ट सुटले, चौथा हलेना. पाना घसरला, बोल्टचं डोकं गोल झालं. त्यांच्या हातून पाना घसरलेला मी कधी पाहिला नव्हता. "गंजलाय मेला. उद्या बघू," म्हणाले आणि उजव्या हाताने चहा घेतला. डावा खिशात होता.

पहाटे ते गेले. डॉक्टरांनी मला विचारलं, "डावा हात दुखतोय असं काही म्हणाले होते?"

आज दुपारी वर्तमानपत्र हातात घेऊन आडवी झाले आहे. ओळी एकमेकींत मिसळतात. बाहेर हातोडीचा ठोका पडतो.

अप्पा चाकापाशी उकिडवे बसलेत. ते गेलेत हे मला माहीत आहे. त्यांनाही असावं, कारण नजरेला नजर देत नाहीत.

"किती झोपतेस, मंजे? एका नंबराने लहान पाना दे. ठोकून बसवला की धरेल."

मी देते. लक्ष डाव्या खिशावर.

"दोन्ही हात लावा, अप्पा."

"एका हाताचं काम आहे."

"कधीपासून?"

"पोलिसांत जायला हवं होतंस तू."

चाक स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. शेजारी दूध वर येतंय. अप्पा उजव्या हाताने गॅस बंद करतात, उजव्याच हाताने बोल्टवर रॉकेल सोडतात.

"मुरू दे जरा."

"त्या दिवशी हात दुखत होता?"

"बोल्ट गंजलेला होता."

"बाकीचे तिन्ही सुटले की."

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय, मध्ये चाक. त्यातून रॉकेल ठिबकतंय.

"तू चहा घेऊन आलीस," ते म्हणतात. "हसत होतीस कशाला तरी. म्हटलं, चहा होऊ दे."

"आणि चहानंतर?"

त्यांचा डावा हात खिशातून निघतो आणि माझं मनगट धरतो. पकडीत जोर नाही. पान्यावर जोर मीच लावते. बोल्ट करकरतो, सुटतो.

वर्तमानपत्र जमिनीवर पडलंय. मनगटावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे. गाडीला तर मी तेव्हापासून हातही लावलेला नाही.

साबणाकडे जाता जाता थांबते. अंगणाच्या दारात येऊन मोठ्याने म्हणते,

"तुम्ही मला फसवलंत, अप्पा. चहा गार झाला असता तरी चाललं असतं."