मधला खांब

आमचा दादा मांडव घालतो. कापड, बांबू आणि दोर यांवर त्याचं पोट आहे. पण मुळात तो भित्री भागूबाई. गॅस बंद केला का हे बघायला तो रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत येतो. स्वतः घातलेल्या मांडवात कधी जेवायला बसत नाही, वर बघत उभा राहतो.

असा माणूस एकदाच पाघळला, तोही भाचीसमोर. ताईच्या या लेकीला लग्न तळ्याच्या काठी, उघड्यावर हवं होतं. ढग भरून आले तरी ऐकेना, म्हणून निदान मांडव ठरला. "मामा, मधला खांब काढ ना. फोटोत पाणी दिसायला हवं." मधल्या खांबामुळेच कापडाला उतार मिळतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दादानं त्याला हाकलून दिलं असतं. भाचीसाठी त्यानं खांब काढला.

अंगठ्या घालायची वेळ झाली आणि पाऊस कोसळला. पाहुणे खुर्च्या ओढत आत आत सरकले. मी वर बघितलं. नवरानवरीच्या डोक्यावर पाणी साचून कापडाला पोट सुटलं होतं आणि ते वाढतच होतं. कडेचे खांब आत झुकायला लागले. खाली सगळं गणगोत, आणि चाकाच्या खुर्चीत आई.

"बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!" दादा ओरडला.

कुणी हललं नाही. "त्याचं रोजचंच आहे," ताई म्हणाली. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. मी आईची खुर्ची ओढायला गेले, तर चाकं चिखलात रुतलेली. "काय झालं गं?" आई विचारत होती आणि मी चाकांखालचा चिखल हातानं उकरत होते.

दादानं बांबूनं कापड वर ढकलून पाहिलं. खांब आणखी करकरले. मग दोर कापायची सुरी तो बांबूच्या टोकाला बांधायला लागला. आयुष्यभर गाठी मारणाऱ्या हातांना गाठ जमेना. शेवटी एकदाची ती बसली.

"पोरी, सर बाजूला!" म्हणत त्यानं स्वतःचंच कापड फाडलं.

सगळं पाणी नवरानवरीच्या अंगावर आलं. "सत्यानाश केला मेल्यानं!" नवऱ्या मुलाची आई किंचाळली. खांब झुकायचे मात्र थांबले.

दादा तडक जाऊन आपल्या टेम्पोच्या आडोशाला बसला. त्याच्यामागे भाची निथळत निघाली. आता ही त्याला फाडून खाणार, या भीतीनं मीही धावले.

"तुझ्या लग्नाचा विचका केला गं मी," तो मान खाली घालून म्हणाला.

ती त्याच्याशेजारी चिखलातच बसली. "मला दिसत होतं, मामा," ती रडायला लागली. "खूप वेळ दिसत होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी बोललेच नाही."

तेवढ्यात लग्न लावणारे गृहस्थ छत्री घेऊन शोधत आले.

"आता त्या कापडाखाली कुणीही जायचं नाही," दादा म्हणाला. "लग्न इथेच लावा."

मी त्याचा हा निरोप मांडवात जाऊन सांगितला. ताईसकट सगळे मुकाट्यानं उठून पावसात आले, आणि आईची खुर्ची चौघांनी उचलून आणली.